कधी तोडली?

एकाच बुधवारी मेथीच्या दोन जुड्या घरात आल्या. एक सकाळी दारावरच्या हातगाडीवरून, दुसरी संध्याकाळी शेतकरी आठवडे बाजारातून. दोन्ही वीस रुपयांना. हातगाडीवरची जुडी दिसायला जास्त टवटवीत होती, पाण्याचे थेंब चमकत होते. बाजारातली जरा मातकट, मुळांना माती तशीच. दोन्ही जुड्या फ्रीजमध्ये एकाच कप्प्यात ठेवल्या. शुक्रवारी सकाळी हातगाडीच्या जुडीतली खालची पानं पिवळी पडून चिकट झाली होती. बाजारातल्या जुडीचे मी रविवारी ठेपले केले.

आमचं हे पुण्यातलं मैदान एरवी क्रिकेटवाल्या पोरांचं असतं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिथे टेम्पो लागतात, तंबूचे दांडे उभे राहतात आणि चारपर्यंत मेथी, पालक, गवार, वांगी, काकड्या मांडून होतात. शेतकरी थेट विकतो, मधले दलाल नाहीत, असं फलकावर लिहिलेलं असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा तो फलक वाचूनच मी मेथीवाल्या मावशींकडे कुरकुर केली होती, ‘मावशी, मधलं कुणी नाही, तर भाव गाडीवाल्याएवढाच कसा?’

मावशींनी जुडी बांधता बांधता उत्तर दिलं, ‘ताई, भाव नंतर विचारा. आधी कधी तोडली ते विचारा की.’

त्या उत्तरात जवळजवळ सगळा विषय आला आहे, फक्त तो उलगडायला थोडा वेळ लागतो. शिवाय आणखी एक कोडं मला बरेच दिवस सतावत होतं. पावसाळ्यात कोथिंबीर कडाडली, की ज्यांच्याकडून ती रास्त भावात मिळावी त्या मावशींचा गाळा नेमका तेव्हाच रिकामा कसा? त्याकडे शेवटी येऊ.

पगार बंद, खर्च चालू

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती जिवंत असते, म्हणजे श्वास घेत असते. आपल्यासारखी नाकाने नव्हे, पण काम तेच: साठवलेली साखर आणि हवेतला प्राणवायू घेऊन ऊर्जा तयार करायची आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकायची. शेतात असताना पान उन्हात साखर तयार करतं आणि मुळं पाणी पुरवतात. विळा लागला किंवा रोप उपटलं, की कमाई थांबते. खर्च मात्र चालूच राहतो. नोकरी गेलेल्या माणसाने बँकेतल्या शिल्लकीवर दिवस काढावेत, तसं.

शिल्लक किती दिवस पुरेल हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, भाजीचा स्वभाव. कांदा-बटाटा हे मुळातच झोपी जाण्यासाठी घडलेले भाग, त्यांचा खर्च अगदी बेताचा. पालेभाज्या, कोवळ्या शेंगा, मक्याची कणसं, ब्रोकोली ही वाढीच्या ऐन भरात असताना तोडलेली, म्हणून उधळी. दुसरी गोष्ट, तापमान. ते दहा अंशांनी वाढलं की भाजी खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे वीस अंशांत जी जुडी दोन दिवस टिकेल, ती तीस अंशांत एक दिवससुद्धा नीट काढणार नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. श्वसनातून उष्णता बाहेर पडते. मेथीच्या शे-दोनशे जुड्या गोणपाटात घट्ट बांधल्या, तर मधल्या जुड्यांची उष्णता निघून जायला वाट नसते. मधला भाग तापतो, तापल्यामुळे श्वसन वाढतं, वाढल्यामुळे आणखी तापतो. कधी संधी मिळाली तर पालेभाजीच्या मोठ्या ढिगात मधोमध हात घालून पाहा. आत अंथरुणातल्यासारखी ऊब लागते.

दोन चमचे पाणी

साखर संपणं डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते पाणी जाणं. पालेभाजीत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पानाला हाडं नसतात, ते ताठ उभं राहतं ते पेशींमध्ये दाबून भरलेल्या पाण्यामुळे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असते तसं. थोडी हवा गेली तरी चाक बसतं. पालेभाजीच्या वजनातलं तीन ते पाच टक्के पाणी उडालं तरी ती मान टाकते. अडीचशे ग्रॅमच्या जुडीत हे पाणी दहाएक ग्रॅम भरतं, म्हणजे चहाचे दोन चमचे.

पाणी उडतं ते पानावरच्या बारीक छिद्रांतून. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. दिवसा ती उघडी असतात, रात्री बहुतेक मिटतात. मुळं मात्र रात्रीही पाणी ओढत राहतात. त्यामुळे पहाटे पान काठोकाठ भरलेलं असतं आणि दुपारी दोनला तेच पान थोडं रिकामं असतं. शिवाय पहाटे पान थंडही असतं. पालेभाजी पहाटे, दव असताना तोडायची हा शेतकऱ्यांचा रिवाज सोयीपुरता नाही. त्यामागे हा हिशोब आहे. मावशींच्या घरात बुधवारी उजाडायच्या आत सगळी माणसं बॅटरी घेऊन वाफ्यात असतात. तोडलेला माल सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. गोणपाटातलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. माठात पाणी गार होतं ते याच युक्तीने.

मेथी आणि कोथिंबीर मुळासकट का उपटतात, यालाही अर्थ आहे. पानं देठाला, देठ मुळाला जोडलेले राहिले, तर कापाच्या उघड्या जखमा कमी आणि पाणी निसटायच्या वाटाही कमी. घरी आणल्यावर ती जुडी मुळं बुडतील एवढ्या पाण्यात उभी केली तर काही तास ती खरोखरच पाणी पिते. मुळं कापून, निवडून, पिशवीत भरून मिळणारी कोथिंबीर सोयीची खरी, पण तिची ही सोय काढून घेतलेली असते.

आता हातगाडीवरच्या त्या चमकत्या थेंबांबद्दल. पाणी शिंपडणं ही फसवणूक नाही. भाजीभोवतीची हवा दमट राहिली की पानातलं पाणी कमी उडतं आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीवाल्याला दुसरा उपायच नसतो. मान टाकलेली जुडी थंड पाण्यात बुडवली तर तासाभरात पुन्हा ताठ होते, कारण ट्यूबमध्ये हवा परत भरली गेली. पण खर्च झालेली साखर परत येत नाही आणि नष्ट झालेलं क जीवनसत्त्वही परत येत नाही. शिवाय भिजलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली, की सडवणाऱ्या जिवाणूंना आयतं घर मिळतं. माझ्या पिवळ्या मेथीचा अर्धा दोष तरी माझाच होता. ती निथळून, पुसून ठेवायला हवी होती.

म्हणून ताठपणा हा ताजेपणाचा कच्चा पुरावा. पक्का पुरावा कापावर असतो. पालकाचं किंवा कोबीचं बूड उलटं करून पाहा. नुकताच कापलेला देठ ओलसर, फिक्कट दिसतो. तास उलटतील तसा तो तपकिरी होत जातो, कापलेल्या सफरचंदासारखा. पाण्यात बुडवून पान ताठ करता येतं, तपकिरी काप पांढरा करता येत नाही. भेंडीचं टोक कटकन मोडावं, वांग्याची टोपी हिरवी असावी आणि तिचे काटे बोटाला टोचावेत. आपल्या आज्यांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण बोटांना माहीत होतं. भेंड्या मोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकावर विक्रेते चिडतात, तेही बरोबरच आहे. मोडलेल्या दहा भेंड्या मग कोण घेणार?

रात्रीचा टेम्पो

हातगाडीवरची मेथी आपल्या दारात कशी येते ते पाहू. घाऊक बाजारासाठी मात्र शेतकरी साधारण दुपारनंतर माल काढतो. जुड्या बांधून, गोण्या भरून संध्याकाळी टेम्पो निघतो. वाटेत दोन-चार गावांचा माल घेतो. रात्री तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचतो. पहाटे आडत्याच्या गाळ्यावर सौदे होतात, किरकोळ विक्रेते माल उचलतात आणि आठ-नऊला गाडी आपल्या गल्लीत येते. म्हणजे अगदी पहिल्या दिवशीच्या, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातातही ती जुडी पंधरा-सोळा तासांची असते. संध्याकाळी उरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर येते. तेव्हा ती चाळीस तासांची झालेली असते.

आठवडे बाजारातली जुडी पहाटे पाचला निघाली आणि संध्याकाळी साडेपाचला माझ्या पिशवीत आली, तर साडेबारा तास. सकाळच्या बाजारात गेलात तर चार-पाच तास. फरक आकड्यात फार प्रचंड वाटत नाही. पण हे तास कसे गेले हेही मोजावं लागतं. एका जुडीचे तास थंड पहाटेपासून सुरू झाले, ती एकदाच चढली आणि एकदाच उतरली. दुसरीचे तास दुपारच्या उन्हात सुरू झाले, गोणीत कोंडून गेले आणि ती चार वेळा उचलली-आपटली गेली. प्रत्येक आपटण्यात काही पेशी फुटतात आणि फुटलेल्या जागी सड आधी लागते.

या हाताळणीत किती माल वाया जातो? लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने 2015 मध्ये देशभराचा अंदाज मांडला होता. त्यात टोमॅटोची नासाडी 12 टक्क्यांच्या वर आणि पेरूची जवळपास 16 टक्के होती. ही नासाडी कुणाच्या तरी पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, धरलेली असते. आपण विकत घेतलेल्या सात-आठ टोमॅटोंच्या भावात न पोहोचलेल्या एका टोमॅटोचे पैसेही असतात.

लाल टोमॅटो आणि गोड वाटाणा

टोमॅटोची गोष्ट पालेभाजीच्या उलट आहे. तो तोडल्यावरही पिकतो. स्वतःच इथिलिन नावाचा वायू सोडतो आणि तोच वायू त्याला पिकण्याचा हुकूम देतो. केळी, आंबा, चिकू, सफरचंद सगळे या जातीचे. तांदळाच्या डब्यात आंबे दाबून ठेवतो तेव्हा आपण हा वायू कोंडत असतो.

लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो हिरव्यावर गुलाबी झाक आली की तोडावा लागतो, कारण लाल झालेला टोमॅटो क्रेटमध्ये चार थरांखाली दबून फुटतो. नारायणगावचा टोमॅटो देशभर जातो तो असाच, वाटेत रंगत. तो लाल होतो खरा, पण वेलीवर राहिला असता तर पानांकडून मिळाली असती ती साखर त्याला पूर्ण मिळालेली नसते. आठवडे बाजारात मात्र झाडावर लाल झालेला टोमॅटो आणणं परवडतं. म्हणून तो पिशवीत तळाशी ठेवला तर घरी येईपर्यंत त्याचं सार होतं. हा त्याचा दोष नव्हे, पुरावा आहे.

आणि कृपा करून तो फ्रीजमध्ये टाकू नका. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की थंडीत टोमॅटोमधली वास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्ववत होत नाहीत. साखर-आंबटपणा तसाच राहतो, वास जातो.

वाटाणा याहून हळवा. पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा बाजारात येतो (आपण पुणेकर त्याला मटार म्हणतो, शेतकरी वाटाणाच म्हणतात). शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर होऊ लागतं. ऊब असेल तर हे इतकं भरभर होतं, की सकाळी गोड लागलेला दाणा दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. मक्याच्या कणसाचंही तेच. ज्यांनी वाटाणे शेताच्या बांधावर बसून खाल्ले आहेत त्यांना फ्रोजन मटार बेचव वाटतात, पण बाजारात दोन दिवस पडलेल्या शेंगांपेक्षा फ्रोजन मटार गोड असू शकतात. ते काढल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे घड्याळ तिथेच थांबतं.

चौकट : पिशवी घरी आल्यावर

पालेभाजी त्याच संध्याकाळी निवडा किंवा निदान ओली असेल तर पसरून कोरडी करा. मग सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात.

कोथिंबिरीची मुळं न कापता पाण्यात उभी करा, वरून सैल पिशवी.

टोमॅटो, केळी, पिकणारा आंबा यांच्या शेजारी काकडी आणि पालेभाजी नको. त्यांच्या इथिलिनने ती पिवळी पडते.

वाटाणा आणि मका त्याच दिवशी. जमत नसेल तर सोलून, मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, गार करून फ्रीजरमध्ये.

कांदे-बटाटे बाहेर, हवेशीर जागी. बटाटे अंधारात, आणि दोघं एका टोपलीत नकोत.

मग भाव तोच कसा?

भावाचं गणित कळायला जरा मागे जावं लागतं. गावोगाव व्यापारी मालाचा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत असत. त्याला ‘हत्ता’ म्हणत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपलाच माल कितीला गेला ते कळत नसे. वजनात काटछाट, नाना नावांची कपात, ते वेगळंच. हे थांबावं, सौदा उघड व्हावा, काटा खरा असावा म्हणून बाजार समित्या आल्या आणि महाराष्ट्रात 1963 चा कायदा झाला. घाऊक व्यवहार समितीच्या आवारातच, परवानाधारक आडत्यामार्फत. उपाय चांगला होता, पण एकच दार ठेवलं की दारवान मोठा होतो. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला या नियमातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. त्याच काळात पणन मंडळाच्या पुढाकाराने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं आणि शहरांतल्या मैदानांवर तंबू दिसू लागले.

कल्पना एकट्या महाराष्ट्राची नाही. पंजाबात ‘अपनी मंडी’ 1987 मध्ये, आंध्रात ‘रयतू बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’ 1999 मध्ये सुरू झाले. दक्षिणेतल्या बाजारांमध्ये शेतकऱ्याला ओळखपत्र असतं आणि भाव रोज फळ्यावर लिहितात: घाऊकपेक्षा वर, किरकोळपेक्षा खाली. आपल्याकडे भाव ज्याचा तो ठरवतो.

गिऱ्हाइकाच्या रुपयातलं शेतकऱ्याला किती मिळतं? रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासात टोमॅटोत सुमारे 33 पैसे, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37 पैसे असा अंदाज होता. हे वाचल्यावर पहिला राग मधल्या माणसांवर येतो. माझाही आला होता. पण मधल्या माणसाला गाळलं तरी त्याचं काम गाळता येत नाही. ते कुणाला तरी करावंच लागतं.

एक गणित मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा कोथिंबिरीच्या पाचशे जुड्या निघाल्या. यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्यावर असतो. शेकडा सहाशे मिळाला, तर तीन हजार रुपये. गाडीभाडं पाचशे, हमाली-भराई दीडशे. पट्टी हातात आली दोन हजार तीनशे पन्नासची. शेतकरी यार्डात गेलाही नाही, तो सकाळी पुन्हा वाफ्यात पाणी सोडतोय.

आता आठवडे बाजार. पाचशे जुड्या एका बाजारात खपत नाहीत, म्हणून साडेतीनशे तिकडे नेल्या. अडीचशे पंधरा रुपयांनी गेल्या: तीन हजार सातशे पन्नास. रात्री साठ जुड्या पाच-पाच रुपयांना: तीनशे. चाळीस उरल्या, त्या गुरांना. टेम्पोतला वाटा आठशे, तंबू-टेबल दोनशे, चहा-वडापाव दीडशे. राहिले दोन हजार नऊशे. उरलेल्या दीडशे जुड्या शेजाऱ्याच्या टेम्पोने यार्डात, खर्च जाऊन सातशे. एकूण तीन हजार सहाशे. छान वाटतं. पण दोन माणसांचा पहाटेपासून रात्री दहापर्यंतचा दिवस गेला. त्यांच्या मजुरीचे हजार धरले तर हातात दोन हजार सहाशे. एवढ्या धावपळीने जास्तीचे अडीचशे रुपये!

आडत्या, हमाल, गाडीवाला यांचं काम मावशी आणि त्यांचे यजमान करतात, म्हणून त्यांचा मोबदलाही किमतीत येतो. भाव तोच का, याचं उत्तर हे. हातगाडीवाल्याला खलनायक ठरवणंही मग जमत नाही. तो पहाटे तीनला उठतो, दारात येतो, पाव किलोसुद्धा देतो, महिन्याच्या शेवटी उधारही लिहून ठेवतो. मावशींकडे उधारी नाही, क्यूआर कोड आहे.

मग आठवडे बाजार परवडतो कसा? एका भाजीवर परवडत नाही. टेम्पो, टेबल आणि दोन माणसं तीच ठेवून सहा भाज्या आणल्या, तर खर्च सहांवर वाटला जातो. म्हणून तीन-चार घरं एकत्र येतात: एकाची पालेभाजी, एकाची वांगी-मिरची, एकाचा टोमॅटो. या बुधवारी दोघांनी बसायचं, पुढच्या बुधवारी दुसऱ्या दोघांनी.

आठवड्यातून एकदाच का?

खेड्यातला आठवडे बाजार आपल्याला परिचयाचा. चाकणचा शनिवार, म्हापशाचा शुक्रवार. पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत ती बाजाराच्या दिवसांवरून पडली असं सांगतात. तिथे बाजार आठवड्यातून एकदा भरतो कारण गिऱ्हाईक विरळ. रोज दुकान उघडावं एवढा खप एका गावात नसतो, म्हणून बांगडीवाला, भांडीवाला, कापडवाला आज या गावी, उद्या त्या गावी असा फिरतो आणि गिऱ्हाईक आठवड्याची खरेदी एका दिवसात उरकतं.

शहरात उलटं. गिऱ्हाईक रोज आहे, हवं तेवढं आहे. विरळ आहे तो विकणाऱ्याचा वेळ. मावशी रोज पुण्यात बसल्या तर खुरपणी कोण करणार? अभियानाला सावता महाराजांचं नाव दिलं आहे याची मला गंमत वाटते. अरणच्या या संतांबद्दल परंपरा सांगते, की मळ्यातलं काम सोडून ते पंढरीलाही गेले नाहीत. आणि त्यांच्या नावाची योजना शेतकऱ्याला मळ्याबाहेर, शहरात बोलावते! आठवड्यातून एक दिवस ही त्यातली तडजोड आहे.

फलकावर ‘शेतकरी’ लिहिलं म्हणून

प्रत्येक गाळ्यावर शेतकरीच बसलेला असतो असं नाही. काही जण पहाटे यार्डातून माल उचलून दुपारी तोच मांडतात. एका गाळ्यावर मला डिसेंबरात कैरी आणि शेजारी किवी दिसली, तेव्हा पुढचं विचारायची गरज पडली नाही. भाज्या अनेक असणं हा काही दोष नाही, वर सांगितल्याप्रमाणे गट असू शकतो. पण एका आकाराच्या, चाळून निवडल्यासारख्या मालाचा ढीग असेल तर शंका घ्यावी. शेतातला माल लहान-मोठा, वाकडा-तिकडा असतो. त्याहून सोपं म्हणजे दोन प्रश्न विचारावेत: कधी तोडली, आणि पुढचा तोडा कधी? पिकवणारा माणूस उत्तर देताना वाफ्यापर्यंत जाऊन येतो. गवारीचा तोडा दोन दिवसांनी, वांग्याला फुलकिडे आलेत, पाऊस लागला तर मेथी सडेल, असं बरंच काही ऐकवतो. विकत आणणारा म्हणतो, ‘आजचीच आहे, ताजी आहे.’

‘गावरान’, ‘विषमुक्त’ या पाट्यांना कायद्याने काही अर्थ नाही. ‘सेंद्रिय’ला आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रही असतं. शेतकरी गटांनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करून द्यायचं ‘पीजीएस’ प्रमाणपत्र असेल तर ते मागून पाहता येतं. पानाला भोक पडलंय म्हणजे फवारणी नाही, हा भाबडेपणा आहे. भोक पडल्यावरही फवारता येतं.

कोथिंबीर महागली की

आता ते राहिलेलं कोडं. यार्डातला भाव आवकेप्रमाणे उड्या मारतो. कोथिंबिरीचा शेकडा एका आठवड्यात दोनशेवर येतो, पंधरा दिवसांनी पाऊस झोडपून गेला की अडीच हजारांवर चढतो. दारावरचा भाव मात्र एवढा हलत नाही. यार्डात जुडी दोन रुपयांना गेली तरी गाडीवाला दहाच्या खाली फारसा येत नाही. त्याचा खर्च, त्याचं उरलेलं माळवं, त्याचा दिवस तेवढाच असतो.

म्हणजे आठवडे बाजार शेतकऱ्याला खरा कामाला येतो तो पडत्या भावात. यार्डात गाडीभाडंही सुटत नाही अशा दिवशी इथे पंधरा रुपये मिळतात. ती त्याची छत्री आहे. आणि ऊन पडल्यावर छत्री कोण उघडतं? यार्डात जुडीला पंचवीस रुपये रोख मिळत असतील, आणि तेही दिवस न घालवता, तर बुधवारी मैदानावर येऊन तीस रुपयांसाठी घासाघीस ऐकायची कशाला? आपण स्वस्ताईच्या दिवसांत गाडीवाल्याकडे वळतो आणि महागाईत आठवडे बाजार आठवतो. शेतकऱ्याचं बरोबर उलट. दोघांची वेळ जुळते ती मधल्या, साध्यासुध्या भावाच्या आठवड्यांत.

गेल्या श्रावणात एका बुधवारी रात्री साडेआठला मी पोहोचले. मावशी टेबल मिटत होत्या. गवारीचा शेवटचा वाटा होता, तो दहा रुपयांत पिशवीत पडला. कोथिंबीर पुढच्या बुधवारी दोन जुड्या बाजूला ठेवा, घरात कार्य आहे, असं मी म्हटलं.

‘पुढच्या बुधवारी आम्ही नाही यायचो ताई,’ मावशी ताडपत्रीची घडी घालत म्हणाल्या. ‘यार्डात शेकडा दोन हजाराच्या वर गेलाय. त्या गाडीवाल्याकडूनच घ्या. आमचीच असंल.’